पाच ठिपके

इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी डॉक्टर लिहितात, बँकेतले लिहितात, एकदा एका पायलटनेही लिहिलं होतं. यंदा संपादकबाईंनी मला गाठलं. परबकाका, एकतीस वर्षं मस्कतमध्ये फ्रेमा बनवताय, तुमचे अनुभव द्या, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी लोकांच्या चित्रांना कडेने लाकूड लावतो, त्यात अनुभव कसले? पण बाई चिवट. तीन फोन झाले, मग एक व्हॉइस मेसेज आला, त्यात तर चक्क माझं कौतुक होतं. मग मी म्हटलं, एक गोष्ट गेले काही महिने पोटात आहे, ती तरी बाहेर काढू. बायकोलाही मी ती अर्धीच सांगितली आहे.

आमचं वर्कशॉप गाला भागात. एका बाजूला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे डक्ट बनवणारे मल्याळी, समोर टायरवाला पठाण. दिवसभर ठोकाठोकी, आणि मध्ये आम्ही काचेचं काम करणारे. मालक ओमानी, त्यांना आम्ही अर्बाब म्हणतो. सत्तरीचा सज्जन माणूस. सकाळी येतो, सगळ्यांना कॉफी नि खजूर देतो, घरच्यांची चौकशी करतो आणि दुपारच्या नमाजाला उठतो तो उद्याच उगवतो. मी इथे आलो तो गिरगावातल्या एका फ्रेमवाल्याकडे नऊ वर्षं हात घासून, त्यामुळे कामाचा माज घेऊनच आलो. तो अजून उतरलेला नाही, निदान गेल्या जानेवारीपर्यंत तरी उतरला नव्हता.

लोकांना वाटतं, चार पट्ट्या तिरक्या कापल्या, ठोकल्या, झाली फ्रेम. तसं म्हणणाऱ्यांना मी एक पट्टी आणि करवत हातात देतो, चार कोपरे जुळवून दाखवा म्हणतो. तीन जुळतात, चौथ्यात बोट जाईल एवढी फट राहते. पण ते असो. खरं काम लाकडाच्या आतलं. कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याचं माउंट, मागून दमट हवा शिरू नये म्हणून बॅकिंग. चित्र कॅनव्हासवर असेल तर आत आणखी एक साधी लाकडी चौकट असते, तिला स्ट्रेचर म्हणतात. तिच्यावर कापड ताणून मागे पिना मारायच्या. त्यासाठी चारी बाजूंनी दोन-अडीच इंच कापड मागे दुमडावं लागतं. शहाणा चित्रकार तेवढी कड कोरी सोडतो. नाही सोडली, तर चित्राचाच कडेचा भाग मागे जातो, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर सगळ्या तऱ्हांची. पोरांच्या डिग्र्या घेऊन येणारे आपले लोक. मखमलीवर आजोबांचा खंजीर बसवून घेणारे ओमानी. एक गृहस्थ आतल्या भागातून दोन तास गाडी हाणत आले, ते मेलेल्या उंटिणीचं दावं फ्रेम करायला. शर्यतीची उंटीण होती. दावं धुऊ का विचारलं तर माझ्यावर असे डोळे काढले की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. त्या दाव्याला घामाचा वास होता, आणि तो वास काचेच्या आत राहिला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती.

आणि माझ्या मोठेपणाची गोष्ट म्हणजे मत्रहची हनुवटी. मत्रहच्या, म्हणजे मस्कतच्या जुन्या बंदराकडच्या, व्यापारी घरातले एक शेठ पणजोबांचा फोटो घेऊन आले. वाळवीने नेमकी हनुवटी खाल्लेली. घरात ती कुणी पाहिलेली नव्हती. मी शेठना समोर स्टुलावर बसवलं आणि त्यांच्याच हनुवटीवरून पणजोबांची रंगवून काढली. वीस वर्षं झाली, दर दिवाळीला माझ्या हनुवटीला हार चढतो. गेल्या वर्षी शेठचा मुलगा मला म्हणाला, काका, मी थेट पणजोबांवर गेलोय बघा. मी मूग गिळून बसलो. सांगायचं एवढंच की भोक दिसलं की भरायचं, आणि भरलेलं कुणाला कळता कामा नये, ही माझी आयुष्यभराची ऐट.

हेलनबाई आल्या गेल्या जानेवारीत. ऑस्ट्रेलियन, पासष्टीच्या पुढच्या, उन्हाने रापलेल्या, गुडघ्याला पट्टा. नवरा इथे इंजिनियर, अझैब्याला घर. हातात लांब नळी. मला म्हणाल्या, आधी हात धुऊन या. एकतीस वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं. राग आला, पण धुतले.

नळीतून कॅनव्हास निघाला. टेबलावर उलगडला तेव्हा मी खरोखर दोन पावलं मागे सरलो. तांबड्या मातीचा रंग आणि त्यावर हजारो ठिपके, पांढरे, पिवळे, काळपट लाल. मधोमध वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ. तिथून एक वाकडी रेघ निघून दुसऱ्या छोट्या वर्तुळांकडे जाते, आणि वर्तुळांच्या भोवती घोड्याच्या नालेसारख्या खुणा. मी म्हटलं, ही तर रांगोळी. आमची आई रोज सकाळी दारात ठिपके मांडायची, शेणाने सारवलेल्या जमिनीवर. त्यातला एखादा जरी चुकला तरी मला लांबून दिसायचा, आणि मी जाऊन तो घालायचो, कारण त्याशिवाय रेघ पुढे जात नाही. हेलनबाई हसल्या. म्हणाल्या, जवळ आलात, पण ही रांगोळी नाही, ही जमीन आहे. वरून बघितलेली.

मग त्यांनी समजावलं, आणि मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात तिथले मूळचे लोक राहतात. त्यांच्या लेखी जमीन आधी सपाट होती. मग पूर्वज चालत आले. ते माणूसही होते, प्राणीही होते. ते जिथे बसले तिथे पाणी झालं, जिथे काठी ओढत गेले तिथे ओहोळ झाला, आणि चालून दमले तेव्हा तिथलेच खडक होऊन राहिले. इंग्रजीत याला ड्रीमिंग म्हणतात, पण बाई म्हणाल्या, स्वप्नाशी त्याचा संबंध नाही, आणि ते फार पूर्वी होऊन गेलेलंही नाही. अजून चालू आहे. चित्रातलं मोठं वर्तुळ म्हणजे एक पाणवठा. नाल म्हणजे बसलेली बाई. वाळूत मांडी घालून बसलेलं माणूस उठलं की जसा ठसा राहतो, तसा. प्रत्येक पाण्याची गोष्ट कुठल्या तरी घराची असते. ज्याचं पाणी त्यानेच ते काढायचं, दुसऱ्याने नाही.

कोणी काढलं म्हणून मी कॅनव्हास उलटा करून मागचं नाव मोठ्याने वाचलं. बाईंचा हात एकदम वर झाला. चित्र काढणारी बाई वारली होती, आणि त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. मी वरमलो. आमची आई बाबांचं नाव कधी घेत नसे, रेशनच्या रांगेत सुद्धा मला पुढे करायची. हेलनबाई त्या वस्तीतल्या दवाखान्यात एकोणीस वर्षं नर्स होत्या आणि त्या चित्रकार बाईने त्यांना बहीण मानलं होतं. नुसतं म्हणायला नाही, नात्यात घेतलं होतं. मी पावतीवर 'बहिणीचं चित्र' असं लिहिलं. ते बाईंना आवडलं.

वरची बाजू कुठली, हे मी विचारलं. अशी बाजूच नाही, म्हणाल्या. बहीण चित्र जमिनीवर पसरून चारी बाजूंनी बसून रंगवायची, बाजूला कुत्री झोपलेली, पोरं ओरडतायत. नऊ वर्षं मी हे नळीत ठेवलं, भिंतीवर लावायचं धाडस झालं नाही, आता मस्कत सोडायच्या आधी लावायचंय. तिचं माझ्याकडे एवढंच आहे. काही कापू नका. मी म्हटलं, मॅडम, कात्री लावणार नाही. आणि खरंच मी कात्री लावली नाही.

त्या आठवड्यात एका हॉटेलची साठ फ्रेमांची ऑर्डर होती आणि अर्बाब यल्ला यल्ला, आटपा आटपा करत डोक्यावर उभे होते. माझा स्वतःचा नियम असा की नळीतून निघालेला कॅनव्हास दोन दिवस उबेत पसरून ठेवायचा, कारण हा रंग रबरासारखा असतो, पण थंडीत ताठरतो. वर्कशॉपला एसी, बाहेर जानेवारी. मी नियम मोडला. आणि दुसरं म्हणजे या चित्राला कोरी कड नव्हती. ठिपके अगदी टोकापर्यंत. बाईंना फोन करून विचारायला हवं होतं. मी म्हटलं, दोन इंच गेले तर काय होतंय, एवढी वाळू आहे. कडेची एक बाजू स्ट्रेचरवर दुमडली आणि पापड मोडावा तसा बारीक आवाज आला.

पाच ठिपके उडाले. पांढरे, अगदी कडेच्या नालेच्या भोवतीचे. कपची शोधायला टेबलाखाली टॉर्च घेऊन रांगलो. मिळाला तो नुसता चुरा.

मग मात्र मी काम केलं ते गिरगावच्या मास्तरांनी पाठ थोपटावी असं. कॅनव्हास दोन दिवस गरम खोलीत सपाट ठेवला. चारी कडांना मागून नवीन कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, दुमडायला त्या घेतल्या, त्यामुळे मूळ चित्राचा एक धागाही मागे गेला नाही. आणि ते पाच ठिपके भरले. काडीच्या टोकाने, शेजारच्या ठिपक्यांची जाडी बघून, जरासा राखाडी मिसळून. रंग मी पाण्यात विरघळणारा वापरला, कारण दुसऱ्याच्या चित्रावर जे घालाल ते नंतर काढता आलं पाहिजे, हा आमच्या धंद्यातला रिवाज. अर्बाबना बोलावून म्हटलं, शोधा कुठे बिघडलंय. त्यांनी दोन चष्मे बदलले. सापडेना. खलास दत्ता, म्हणाले, आता हे कुणाला बोलू नकोस. मला तर तेच हवं होतं.

बाई चित्र बघायला आल्या. सगळं चित्र समोर, एकही ठिपका मागे नाही, हे बघून त्यांना रडू आलं. मी रुमाल शोधत होतो तर त्या थेट त्या कडेशी गेल्या. म्हणाल्या, मोठ्या पाण्याभोवती बसल्यात त्या बहिणीच्या घरच्या बायका. आणि ही कडेची एकटी नाल आहे ना, ती मी. हे चित्र सुरू झालं तेव्हा मी त्यात नव्हते. बहीण आजारी पडली, मी रोज डायलिसिसला घेऊन जायचे, तेव्हा शेवटी शेवटी तिने हा कोपरा केला. हात थरथरत होता, बघा ठिपके कसे पडलेत. तिची सख्खी मुलगी शेजारी बसून रंग कालवून द्यायची, पण एकही ठिपका तिने घातला नाही. आईने तिला तोपर्यंत या पाण्याचा हक्क दिला नव्हता. शेवटच्या आठवड्यात दिला.

मी त्या ठिपक्यांकडे बघत होतो. सगळे थरथरलेले आणि मधले पाच गोल गरगरीत. मलाच कसे दिसले नव्हते कोण जाणे. बाईंना दिसले नाहीत, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, मॅडम, मागचं बॅकिंग राहिलंय, गुरुवारी न्या. बॅकिंग काही राहिलेलं नव्हतं.

तीन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. हनुवटी वीस वर्षं पचवणारा मी, पाच ठिपक्यांनी हैराण झालो. का, याचा विचार केला. हनुवटी आधीच गेलेली होती, आणि ती भरली ती घरच्याच माणसाला समोर बसवून. पण इथे एक मुलगी आईच्या शेजारी महिनोन्महिने बसून हात आवरून धरते, आणि मी गालाच्या वर्कशॉपात चहा पीत पीत ठिपके मारून मोकळा होतो. माझी मलाच लाज वाटली.

गुरुवारी बाईंना स्टुलावर बसवलं आणि सांगून टाकलं. अर्बाब गल्ल्यावरून बघत होते, त्यांनी कपाळाला हात लावला. बाई उठून चित्रापाशी गेल्या. मग म्हणाल्या, कुठले, दाखवा. मी पेन्सिलीचं टोक न टेकवता दाखवलं. त्यांनी मोजले.

"मला का नाही विचारलं?"

"मला वाटलं, मी नीट करतोय," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, हे आता मी ठरवू शकत नाही, मुलीला विचारावं लागेल. पाणी तिचं आहे. ती म्हणाली की चित्र बिघडलं, परत पाठव, तर मी पाठवून देईन. हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला आरडाओरडा चालला असता. माझ्या पाच ठिपक्यांपायी बाईंकडची बहिणीची एकुलती एक वस्तू जाणार होती. पैसे देऊ नका, नवीन फ्रेम देतो, असलं काही म्हणून भरून निघणारं ते नव्हतं.

आपले सकाळचे दहा म्हणजे तिकडची टळटळीत दुपार. बाईंनी फोन लावला आणि मी ऐकावं म्हणून स्पीकरवर ठेवला. पलीकडे कुत्रं भुंकत होतं, कुणी तरी मोटर चालू करत होतं. हेलनबाई अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या त्यांच्या बोलीत बोलत होत्या. मुलीचा आवाज मोठ्या बाईचा होता, दमदार. तिने विचारलं, तो माणूस कोण? कामगार आहे का? मग विचारलं, त्याचं पाणी कुठलं?

बाईंनी प्रश्न माझ्याकडे वळवला. एकतीस वर्षांत मला इथे कंपनी विचारली, व्हिसा विचारला, पासपोर्ट नंबर विचारला. पाणी कुणी विचारलं नव्हतं.

आणि मला सांगता आलं, हीच तर गंमत. देवगडच्या बाजूला आमची वाडी. वाडीच्या वर कातळात झर आहे, बारमाही. तिची गोष्ट अशी की आमच्या घरातला पहिला पुरुष म्हैस घेऊन आला, दोघं तहानेने कातळावर पडली. म्हशीने खुराने कातळ उकरला आणि पाणी लागलं. त्याला पाजून ती तिथेच बसली, ती उठलीच नाही. अजून आहे, म्हशीची धोंड म्हणतात. शिंगं दिसतात, पाठ दिसते. दर मार्गशीर्षात झरीतला गाळ काढतात. राखणदाराला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि पाण्यात उतरून गाळाची पहिली पाटी उचलायची ती आमच्या घराने. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाबा उतरायचे, मग मी उतरलो. पाणी असं थंडगार की पोटऱ्यांत कळ यायची, आणि वर सगळी वाडी उभी असायची.

हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होतो आणि बाई तिकडे पोचवत होत्या. सांगता सांगता ओल्या गाळाचा वास आला, अगदी खरा. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट माझ्या मुलीला धड सांगितलेली नाही, तिला गाळ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल. फोनवरच्या मुलीने पलीकडून हूं हूं केलं. म्हशीबद्दल दोनदा विचारलं. मग म्हणाली, तू तिथे नसतोस तेव्हा कोण बघतं?

"माझंच आहे," मी म्हटलं. "आमच्या घराचा मान. माझा हात लागल्याशिवाय होत नाही."

हे मी ठामपणे म्हटलं, आणि म्हणताना मला ते खरंच वाटत होतं.

मग तिने निकाल दिला, आणि हेलनबाईंनी तो मला शब्दाला शब्द सांगितला. "मी रागावले नाही. पण आईने केलं तेवढंच तिथे असू दे. त्याचे ठिपके त्याने परत घ्यावेत."

आणि चित्र? बाईंनी भीत भीत विचारलं. मुलगी हसली. म्हणाली, चित्र तुझं आहे, पण ते पाच मी घालीन. मला ते पोस्टाने पाठवू नकोस, तूच घेऊन ये. तुझी जागा आहे तशी आहे, तिथे कुणी बसत नाही.

हेलनबाईंनी फोन ठेवला आणि गुडघ्यावर हात दाबून बसून राहिल्या. मुलाकडे पर्थला जायचं ठरलं होतं त्यांचं. वाळवंटात जायला गुडघा नाही म्हणतो, नवरा नाही म्हणतो, म्हणून नऊ वर्षं चालढकल झाली. आता जावंच लागेल, म्हणाल्या, आणि तोंड भरून हसल्या.

मी कापसाचा बोळा किंचित ओला केला आणि बाईंच्या समोर एकेक ठिपका उचलला. पाण्यातला रंग, चटकन सुटला. खाली तांबडा रंग उघडा पडला, पाच बारीक जागा. माझ्याच हाताने एखादं काम बिघडवून इतकं हलकं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. अर्बाब उठून आले, वाकून बघितलं आणि आता दिसतंय, म्हणाले. चारी बाजूंना मागे कड्या बसवल्या, कुठलीही बाजू वर करून लावता यावं म्हणून, आणि प्रवासासाठी फळ्यांची पेटी केली. मार्चमध्ये बाई गेल्या.

इथेच संपवलं असतं तर छान झालं असतं, अंकात शोभलं असतं. पण मला त्या मुलीचा प्रश्न सोडेना. तू नसतोस तेव्हा कोण बघतं? खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. आम्ही गावी जायचो ते माझ्या मुलीच्या शाळेच्या सुट्टीत, जून-जुलैत. तेव्हा झर भरून वाहत असते, गाळाचा विषयच नसतो. मार्गशीर्षात मी शेवटचा उतरलो त्याला चौदा वर्षं झाली. बाबा गेल्यावर घराला कुलूप. मी मनात धरून चाललो होतो की कुणी तरी माझ्या नावाने पाटी उचलत असेल, बँकेत खातं राहतं तसा मान माझ्या नावावर राहत असेल.

शेवटी गेल्या महिन्यात वसंतदादाला फोन केला. आमच्या भाऊबंदांतला, वाडीतला आता सगळ्यात मोठा. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, यंदा मी आलो तर पाटी मीच उचलायची ना? दादा खोकला. मग त्याने सांगितलं. मी मार्गशीर्षात यायचा थांबल्यावर दोन वर्षं आमच्या घरच्या माणसाची वाट बघून कुणी उतरलं नाही. झर गाळाने बुजली, चैत्रात खाली पाणी येईना. बायका टँकरच्या मागे धावू लागल्या. तेव्हा बाबल मेस्त्री, ज्याचा बाप आमच्या वाडीत सुतारकामाला आला आणि राहिला तो, कुणाला न विचारता नारळ घेऊन वर गेला आणि उतरला. गावकऱ्यांची बैठक झाली, वाद झाला. शेवटी पाणी आलं होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

"दत्ता, खोटा कित्याक सांगू?" दादा म्हणाला. "बारा वर्सां बाबलच उतरता. झर आता तेकाच वळखता. तू ये मगे. काठार बस, बघ."

मी बरं म्हटलं. त्या दिवशी दुपारभर मी एकाच पट्टीचा कोपरा चार वेळा कापला. वाईट वाटलं, खूप वाटलं, सांगायला लाज कसली. बाबलचा राग मात्र येईना. यायला हवा होता, मी वाट बघितली. पण त्याने माझ्यासारखं झाकून काही केलं नव्हतं. सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत तो थंड पाण्यात उभा राहिला, बारा वर्षं राहिला. मीच चौदा वर्षं नव्हतो.

हेलनबाईंना निरोप पाठवला, मुलीला सांगा, मी त्या दिवशी चुकीचं बोललो, ते पाणी माझ्याकडे राहिलेलं नाही. उत्तर अजून नाही. तिकडे पोचल्या असतील तर रेंज नसेल.

यंदा अर्बाबकडे मार्गशीर्षात दहा दिवस मागितले आहेत. त्यांनी कारण विचारलं, मी पाणी बघायला जातो म्हटलं, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही, त्यांच्याही गावाला फलजाचा, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाण्याचा, पाट आहे. माझी मुलगी येते म्हणाली आहे. तिला म्हशीची धोंड दाखवेन, शिंगं कुठे ते दाखवेन. बाबल उतरेल तेव्हा काठावर बसेन. त्याने पाटी वर माझ्याकडे दिली तर घेईन. मागणार मात्र नाही.